वाचकांचे प्रश्न : 'वजन' चालतं, मग 'वाण' का चालत नाही?

या वेळी आलेले बरेच प्रश्न एकाच जागेवर अडलेत. कुणाकडून तरी डेटाचा फॉरमॅट येतो, सोबत दोन-चार पानांचा कागद असतो, त्यात फील्डच्या, म्हणजे कॉलमच्या, नावांबद्दल एखादी ओळ असते, आणि त्या एका ओळीचे दोन प्रोग्राम दोन अर्थ लावतात. नाशिक आणि आसपासच्या वाचकांनी असेच प्रश्न पाठवलेत, म्हणून सगळे एकत्र घेतेय. पहिल्याला जास्त जागा दिलीय कारण खरी गोम तिथेच आहे.

प्रश्न : नमस्कार मॅडम. मी निफाड तालुक्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत डेटाचं काम बघतो. द्राक्षाच्या प्लॉटची माहिती द्यायला एका खरेदीदाराकडून सीएसव्हीचा, म्हणजे स्वल्पविरामाने कॉलम वेगळे केलेल्या साध्या फाइलचा, फॉरमॅट आलाय. त्यात नावांबद्दल एवढंच लिहिलंय : 'कॉलमचे नाव अक्षराने सुरू व्हावे, त्यात अक्षरे, अंक व अंडरस्कोर चालतील, नाव युनिक असावे.' आमचे कॉलम मराठीत आहेत कारण माहिती भरणारी सगळी माणसं मराठीतच भरतात. आता होतंय असं की त्यांच्या चेकिंगच्या प्रोग्राममध्ये 'वजन' आणि 'गट' पास होतात पण 'वाण' आणि 'तालुका' फेल होतात, मेसेज येतो की नावात अवैध चिन्ह आहे. दुसऱ्या एकाकडे तीच फाइल विनातक्रार जाते, पण दोन गावांच्या फाइली एकत्र केल्यावर तिथे 'शेतकऱ्याचे_नाव' हा कॉलम दोनदा दिसतो, एकात अर्धी नावं आणि दुसऱ्यात उरलेली अर्धी. चूक आमच्या फाइलमध्ये आहे का त्यांच्या प्रोग्राममध्ये?

उत्तर : दादा, तुमच्या फाइलमध्ये चूक नाही आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या दोन प्रोग्रामपैकी कुठलाही सरळसरळ चुकलाय असंही म्हणता येणार नाही, कारण तो नियमच अर्धवट लिहिलाय. सीएसव्हीच्या मूळ कागदावर, म्हणजे ऑक्टोबर २००५च्या आरएफसी ४१८० वर (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या तांत्रिक नियमांचे नंबर दिलेले कागद) बोट ठेवावं तर तिथेही आधार मिळत नाही. हेडरची, म्हणजे सगळ्यात वरची, ओळ ऐच्छिक आहे आणि त्यात नावं असतात एवढंच तो सांगतो, नावात काय चालतं आणि दोन कॉलमना एकच नाव दिलं तर काय करायचं याबद्दल तो गप्प आहे. म्हणजे सगळी जबाबदारी तुमच्या खरेदीदाराच्या त्या एका वाक्यावर येऊन पडते, आणि ते वाक्य दोन ठिकाणी गळतंय.

पहिली गळती 'अक्षरे' या शब्दात. तुम्हाला मला 'वा' हे एक अक्षर, बाराखडीत आपण तसंच शिकलो. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींच्या प्रत्येक चिन्हाला नंबर देणाऱ्या पद्धतीत, 'वाण' हा शब्द तीन तुकड्यांचा आहे : व, मग काना, मग ण. यातले व आणि ण 'लेटर' या वर्गात, पण काना 'मार्क' या वेगळ्या वर्गात. वेलांटी, उकार, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे मार्क. आता 'वजन' बघा, व, ज, न, तिन्ही लेटर, मार्क एकही नाही. 'गट'चंही तसंच. ज्याने चेकिंगचा प्रोग्राम लिहिला त्याने बहुतेक पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकूर ठरलेल्या साच्यात बसतो का ते बघायच्या सूत्रात, बॅकस्लॅश डब्ल्यू हे शब्दातली चिन्हं ओळखायचं चिन्ह वापरलाय, आणि तो तिथे लेटर, अंक, अंडरस्कोर एवढंच धरतो, मार्क धरत नाही. त्यामुळे मराठीतली बिनकान्याबिनमात्रेची नावं तेवढी पास होतात. जावामध्ये युनिकोडचा पर्याय चालू करून तोच बॅकस्लॅश डब्ल्यू लिहिला तर त्यात मार्कही येतात, म्हणून दुसरीकडे फाइल सुरळीत गेली असणार. बघा ना, एकाच चिन्हाचे दोन भाषांत दोन अर्थ, आणि कागदात तर नुसतं 'अक्षरे'.

यावर उपाय शोधत बसायची गरज नाही, तो युनिकोडनेच देऊन ठेवलाय. नावं कशी असावीत यासाठी त्यांचं स्वतंत्र परिशिष्ट आहे, क्रमांक ३१. त्यात दोन गट केलेत, नावाच्या सुरुवातीला येऊ शकणारी चिन्हं आणि नंतर येऊ शकणारी चिन्हं. काना-मात्रा दुसऱ्या गटात आहेत, म्हणजे नावाची सुरुवात कान्याने होणार नाही पण मध्ये, शेवटी तो बिनधास्त चालेल. आणि गंमत नाही, खरंच असं आहे की पायथन ३ स्वतःच्या व्हेरिएबलच्या नावांसाठी हाच नियम पाळतो, तिथे 'वाण' हे नाव चालतं, अडतं ते फक्त रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये. म्हणून खरेदीदाराला 'तुमचा प्रोग्राम मराठी चालवत नाही' असं मोघम लिहू नका, 'नियमातल्या अक्षरे या शब्दात मार्क वर्गातली चिन्हं धरलीत का, आणि परिशिष्ट ३१ प्रमाणे धरणार का' असं नेमकं विचारा. ज्याने कोड लिहिलाय त्याला यातून काय बदलायचं ते लगेच कळेल.

दुसरी गळती 'युनिक'मध्ये, आणि ही मला जास्त गंभीर वाटते कारण इथे कुठलाही मेसेज येत नाही, डेटा गुपचूप दोन ठिकाणी वाटला जातो. तुमचा 'शेतकऱ्याचे_नाव' दोनदा का आला? एक्सेल उघडा, दोन्ही हेडर शेजारी शेजारी ठेवा आणि दोघांची लांबी काढा, लेन हा फॉर्म्युला लावून. मला खात्री आहे एक १४ येईल आणि दुसरी १५. कारण हा अर्धा र दोन पद्धतींनी टाइप होतो. एका पद्धतीत खालून नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य : शेतकऱ्याचे. दुसऱ्या पद्धतीत साधा र, मग हलन्त, मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह, मग य : शेतकर्‍याचे. स्क्रीनवर दोन्ही एकसारखे, छापले तरी एकसारखे, पण आत एक चिन्ह जास्त. एका गावात इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट दाबून ऱ काढणारा माणूस होता आणि दुसऱ्या गावात वेगळा कीबोर्ड वापरणारा, एवढंच झालं असणार. कॉम्प्युटरने तुकड्याला तुकडा जोडून बघितलं, जुळलं नाही, दोन कॉलम केले. हे म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव एका वेलांटीने वेगळं निघावं तसंच, फरक एवढाच की तिथे तो डोळ्यांना दिसतो.

इथे कुणीतरी सांगेल की नॉर्मलायझेशन करा, म्हणजे एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एका रूपात आणा, त्यातली एनएफसी ही पद्धत वापरा, सगळं जुळेल. पूर्ण जुळणार नाही. ऱ कुणी र आणि नुक्ता असा सुटा टाइप केला असेल तर एनएफसी त्याला जोडून एक ऱ करतं, तेवढं काम होतं. पण जॉइनरवालं रूप एनएफसीनंतरही तसंच राहतं, कारण युनिकोडच्या लेखी ती दोन रूपं समान नाहीतच. 'ॲप' मधल्या ॲ चंही तसंच आहे, तो एकसंध ॲ असो किंवा अ वर चंद्र दिलेला असो, एनएफसी त्यांना एक करत नाही. म्हणजे नॉर्मलायझेशन हवंच, पण वर आणखी एक ओळ हवी की नावात झिरो विड्थ जॉइनर आणि नॉन-जॉइनर (अक्षरं जोडू न देणारं तसंच अदृश्य चिन्ह) चालणार नाहीत. मराठीसाठी याने काही अडत नाही, कारण ऱ्या, ऱ्हा हे जॉइनरशिवाय ऱ वापरून नीट लिहिता येतात. मात्र जॉइनर सापडला तर फाइल नाकारा, तो नुसता काढून टाकू नका. काढला की 'शेतकर्याचे' असा रफार होतो, म्हणजे तिसरंच नाव तयार.

माझं ठाम मत असं की नावांच्या नियमात पहिली ओळ 'काय चालेल' ही नसावी, 'दोन नावं एकच कधी मानायची' ही असावी. काय चालेल ते सगळेच लिहितात. तुलना कशी करायची हे मात्र राहून जातं आणि पुढचं भांडण नेमकं त्याच्यावरून होतं. एक्सएमएल या डेटा लिहायच्या फॉरमॅटवाल्यांनी हे बरोबर केलंय, पाचव्या आवृत्तीत, म्हणजे नोव्हेंबर २००८च्या, स्वच्छ लिहिलंय की ज्या चिन्हांची एकाहून जास्त रूपं असतात ती दोन्हीकडे एकाच रूपात असतील तरच जुळली असं मानायचं, आणि कॅपिटल-स्मॉल वेगळं धरायचं. हा नियम कडक वाटेल, आपल्या सोयीचा नसेलही, पण वाचणाऱ्याला त्यात दुसरा अर्थ सापडत नाही.

तुम्ही खरेदीदाराला सुचवायचं वाक्य साधारण असं करा : 'नावाची तुलना एनएफसी केल्यानंतर चिन्हाला चिन्ह जोडून होईल. नाव युनिकोड परिशिष्ट ३१च्या नियमाने बनेल, जॉइनर आणि नॉन-जॉइनर चालणार नाहीत. एका फाइलमध्ये दोन नावं या तुलनेत समान निघाली तर फाइल नाकारली जाईल.' आणि खाली चालणारी चार नावं, न चालणारी चार नावं उदाहरणादाखल. न चालणारी उदाहरणं विसरू नका, खरा उपयोग त्यांचाच होतो.

प्रश्न : मॅडम, मी कॉलेज रोडला एका छोट्या टीममध्ये ॲप बनवतो, द्राक्ष बागायतदारांसाठी. आमच्या जेसनमध्ये (नाव आणि मूल्य अशा जोड्यांनी डेटा लिहायचा फॉरमॅट) 'छाटणी_तारीख' ही की, म्हणजे जोडीतलं नाव, एकाच ऑब्जेक्टमध्ये, म्हणजे जोड्यांच्या एकाच गटात, दोनदा येते, एक एप्रिलच्या खरड छाटणीची आणि एक ऑक्टोबरच्या गोडी छाटणीची. समोरची टीम म्हणते जेसनच्या नियमात हे चालतं. आमच्याकडे मात्र एप्रिलची तारीख गायब होते. कोण बरोबर?

उत्तर : नियमाच्या अक्षरावर बोट ठेवलं तर समोरची टीम अगदीच खोटं बोलत नाहीये, पण त्यांचं ऐकू नका. जेसनचे दोन अधिकृत कागद आहेत. एक्मा या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एक्मा-४०४ मध्ये म्हटलंय की नावं युनिक असावीत अशी या कागदाची अट नाही. डिसेंबर २०१७च्या आरएफसी ८२५९ मध्ये म्हटलंय की युनिक 'शुड', म्हणजे असावीत, 'मस्ट' नाही. या दोन शब्दांचा अर्थ मार्च १९९७च्या आरएफसी २११९ मध्ये ठरवलेला आहे : मस्ट म्हणजे पर्याय नाही, शुड म्हणजे सबळ कारण असेल आणि परिणाम पूर्ण समजून घेतले असतील तर सोडता येतं. आता समोरच्या टीमला विचारा, कारण काय आणि परिणाम समजून घेतलेत का? कारण त्याच आरएफसी ८२५९ मध्ये पुढे लिहिलंय की नावं दुहेरी असतील तर घेणारा प्रोग्राम काय करेल सांगता येत नाही, बरेच जण शेवटची जोडी ठेवतात, काही जण एरर देतात, काही जण सगळ्या जोड्या देतात. तुमचा पार्सर, म्हणजे जेसन वाचणारा प्रोग्राम, शेवटची ठेवणारा आहे, जावास्क्रिप्ट आणि पायथन दोन्ही असंच करतात, म्हणून एप्रिल गेला आणि ऑक्टोबर राहिला. उद्या समोरच्याने क्रम उलटा लावला तर ऑक्टोबर जाईल आणि एप्रिल राहील, आणि मग ॲप काढणीपर्यंतचे दिवस खरड छाटणीपासून मोजायला लागेल. बागायतदार त्या आकड्यावर फवारणी ठरवतो हो, हे नुसतं टेक्निकल नाही.

आणि हे किती महागात पडू शकतं याचं जगजाहीर उदाहरण आहे. कौचडीबी नावाचा डेटाबेस आहे, त्यात २०१७ साली एक मोठी भेग सापडली, सुरक्षेच्या त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१७-१२६३५ या नंबरने नोंदलेली. त्यात आत दोन जेसन पार्सर काम करायचे, एक एरलँग या भाषेतला आणि एक जावास्क्रिप्टमधला. युजरच्या नोंदीत 'रोल्स', म्हणजे अधिकार, ही की दोनदा दिली की तपासणी करणाऱ्या जावास्क्रिप्टला शेवटची दिसायची, ती रिकामी, म्हणून ते म्हणायचं ठीक आहे, आणि अधिकार देताना एरलँगची बाजू पहिली घ्यायची, जिच्यात ॲडमिन लिहिलेलं. बाहेरचा माणूस ॲडमिन होऊन बसायचा. दोन्ही पार्सर आपापल्या जागी नियमातच होते.

तुमच्यासाठी मार्ग सरळ आहे. आपापसातल्या कागदात लिहा की आम्ही आय-जेसन पाळतो, म्हणजे मार्च २०१५चा आरएफसी ७४९३, त्यात दुहेरी नावांना मस्ट नॉट आहे. मग वाचताना दुहेरी की सापडली तर फाइल नाकारा, पायथनमध्ये ऑब्जेक्ट पेअर्स हुक देऊन हे पकडता येतं. आणि मुळात त्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत तर नावंही वेगळी द्या, खरड_छाटणी_तारीख आणि गोडी_छाटणी_तारीख. शेतात कुणी नुसतं छाटणी म्हणून दोन्ही सांगत नाही, मग फाइलमध्ये तरी का सांगावं.

प्रश्न : मी सिन्नर तालुक्यातल्या एका गावाचा नकाशा करतेय, कॉलेजचा प्रोजेक्ट आहे. शेपफाइल (नकाशाच्या डेटाचा फॉरमॅट) सेव्ह केली की कॉलमची मराठी नावं तुटतात, 'द्राक्ष_क्षेत्र' चं 'द्र' आणि पुढे चौकोन असं काहीतरी होतं. सॉफ्टवेअर बदलू का?

उत्तर : सॉफ्टवेअर बदलून फायदा नाही गं, ही मर्यादा फॉरमॅटचीच आहे. शेपफाइलमधली माहिती डीबीएफ फाइलमध्ये जाते, तिथे फील्डच्या नावाला दहाच जागा असतात. सगळीकडे 'दहा कॅरेक्टर' असं लिहिलेलं सापडेल पण प्रत्यक्षात त्या दहा बाइट आहेत, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. 'द्राक्ष' हा एकटा शब्द घे : द, हलन्त, र, काना, क, हलन्त, ष, ही सात चिन्हं, म्हणजे २१ बाइट. दहा बाइटला कापलं तर द, हलन्त आणि र एवढं पूर्ण बसतं आणि कान्याचा पहिला बाइट लटकत राहतो, तोच तुला चौकोन दिसतोय. लांबीचा नियम वाचताना एकक काय आहे ते बघायची सवय लाव, बाइट की चिन्ह. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्येही ६३ ही मर्यादा बाइटची आहे, म्हणजे मराठीत जेमतेम २१ चिन्हं, आणि मायएसक्यूएलमध्ये ६४ ही चिन्हांची आहे. तुझ्या प्रोजेक्टला जिओपॅकेज हा नकाशाचा दुसरा फॉरमॅट वापर, त्यात ही दहाची भानगड नाही. कॉलेजने शेपफाइलच मागितली तर नावं छोटी रोमनमध्ये दे आणि सोबत कुठल्या नावाचा अर्थ काय याचा तक्ता जोड.

प्रश्न : सातपूर एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनच्या रीडिंगची फाइल जाते. एका डेटाबेसमध्ये कॉलमचं नाव सगळं कॅपिटल होतं, दुसऱ्यात सगळं स्मॉल. फॉरमॅटच्या कागदात केसबद्दल काहीच नाही. काय गृहीत धरू?

उत्तर : काहीही गृहीत धरू नका, सगळी नावं स्मॉल लेटरमध्येच लिहा आणि फक्त केसने वेगळी होणारी दोन नावं कधीच ठेवू नका, एवढ्याने सगळीकडे निभावतं. तुम्ही सांगताय तो प्रकार कोट न लावलेल्या नावांचा आहे, एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेच्या स्टँडर्डप्रमाणे ती कॅपिटल होतात, ओरॅकल तसं करतं, पोस्टग्रेस स्मॉल करतं. गो भाषेची नेहमीची जेसन लायब्ररी तर केसकडे दुर्लक्ष करून की जुळवते. हवामानाच्या डेटासाठी सीएफ कन्व्हेन्शन आहे, त्यातही सल्ला हाच की नावात केसला अर्थ असला तरी नुसत्या केसवर दोन नावं वेगळी करू नयेत.

मराठीत केस नाही, पण अंकांचा तसाच घोळ आहे हे जाता जाता सांगते. 'फवारणी_१' यातला एक देवनागरी आणि दुसऱ्याने टाइप केलेला इंग्रजी एक, ही दोन वेगळी नावं, आणि एनएफसी त्यांना एक करत नाही. कागदात 'अंक' असेल तर कुठले ते विचाराच. पायथनचा बॅकस्लॅश डी, म्हणजे अंक ओळखायचं चिन्ह, देवनागरी अंक धरतो, जावास्क्रिप्टचा धरत नाही.

प्रश्न : एवढा त्रास करण्यापेक्षा कॉलमची नावं इंग्रजीतच का ठेवू नयेत? मी नाशिक रोडला एका ऑफिसात आहे, आम्ही तेच करतो आणि काही अडत नाही.

उत्तर : ठेवा, मला त्यात वावगं काही वाटत नाही, फक्त मराठी नाव फेकून देऊ नका. मशीनसाठी एक नाव आणि माणसासाठी एक शीर्षक अशी दोन वेगळी खाती करा. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने डिसेंबर २०१५ मध्ये सीएसव्हीची माहिती लिहायची पद्धत ठरवली त्यात हेच आहे, 'नेम' वेगळं आणि 'टायटल्स' वेगळं, आणि टायटल भाषेप्रमाणे वेगवेगळं देता येतं. म्हणजे फाइलमध्ये रोमन नाव, फॉर्मवर आणि रिपोर्टवर स्वच्छ मराठी.

पण 'मराठी नावं चालतच नाहीत' असं कुणी सांगितलं तर ते मान्य करू नका. एक्सएमएलमध्ये देवनागरी नावं १९९८ पासून, पहिल्या आवृत्तीपासून चालतात. अडचण खमेर, सिंहली अशा लिपींची होती, कारण नियमातली अक्षरांची यादी युनिकोड २.० वरून घेतली होती आणि या लिपी युनिकोडमध्ये नंतर आल्या. पाचव्या आवृत्तीत ती यादी मोकळी केली तेव्हा त्यांना वाट मिळाली. म्हणजे कुणीतरी अडचण नेमकी लिहून दाखवली तर नियम बदलतात. रोमन नावात गोडी छाटणी कशी लिहायची यावर तुमच्या ऑफिसात किती स्पेलिंग आहेत तेही एकदा बघा, तिथेही हाच प्रश्न उभा राहतो.

प्रश्न : मॅडम, फॉरमॅट बनवणाऱ्यांना आम्ही मेल केला की तुमचा नावाचा नियम स्पष्ट करा, त्यांनी उत्तर दिलं 'नियम स्पष्टच आहे'. आता पुढे काय करायचं? (दिंडोरीहून)

उत्तर : 'स्पष्ट करा' असं लिहिलं की समोरच्याला वाटतं तुम्ही वाचलंच नाही. त्यांनी ते वाक्य लिहिताना त्यांच्या डोक्यात एकच अर्थ होता, दुसरा अर्थ त्यांना दिसतच नाही, तो तुम्हाला दाखवावा लागेल. म्हणून प्रश्न फाइलीतून विचारा. अगदी छोटी फाइल बनवा, एक हेडर आणि एक ओळ पुरे. नियमातलं वाक्य जसंच्या तसं उतरवा, कलमाच्या नंबरासकट. मग लिहा की या वाक्याचा पहिला अर्थ लावला तर ही फाइल वैध ठरते, दुसरा लावला तर अवैध, आणि अमुक दोन प्रोग्राममध्ये आम्हाला हे दोन निकाल मिळाले. तुम्हाला यातला कुठला अर्थ हवा? शक्यतो हो-नाहीत उत्तर देता येईल असा प्रश्न ठेवा, आणि एका मेलमध्ये एकच. मराठी नावाचा प्रश्न असेल तर नाव नुसतं पेस्ट करू नका, मेलमध्ये जाता-येता अदृश्य चिन्हं गळतात. प्रत्येक चिन्हाचा युनिकोड नंबर लिहून द्या आणि फाइल झिप करून जोडा.

'असावे' हा शब्द सक्ती आहे का सल्ला, हे मात्र वेगळं विचारून घ्या. इंग्रजी कागदात मस्ट आणि शुड कॅपिटलमध्ये असतील तरच त्यांना तो ठरलेला अर्थ असतो, हे मे २०१७च्या आरएफसी ८१७४ ने पक्कं केलंय. मराठी कागदात अशी सोय नाही, म्हणून सुरुवातीलाच एक ओळ हवी की 'असावे' म्हणजे नक्की काय.

उत्तर आलं की ते मेलमध्येच राहू देऊ नका, कागदात घालायला सांगा. फोनवर सांगितलेलं तर धरूच नका, सांगणारा माणूस नोकरी बदलून गेला की त्या उत्तराला कुणी विचारत नाही. आरएफसीची पद्धत बघा, एकदा प्रसिद्ध झालेल्या आरएफसीचा आशय बदलत नाहीत, चूक सापडली तर इराटा म्हणून स्वतंत्र नोंद होते आणि मोठा बदल असेल तर नव्या नंबरचा कागद येतो. जेसनचंच बघा ना, २००६ साली ४६२७, २०१४ साली ७१५९ आणि २०१७ साली ८२५९. त्यामुळे कुठली फाइल कुठल्या नियमाने लिहिली हे नंतरही सांगता येतं. तुमच्या फॉरमॅटवाल्यांनी 'पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू' म्हटलं तर आवृत्तीचा नंबर आणि तारीख मागून घ्या, आणि तो नंबर फाइलच्या आत लिहायची जागा आहे का तेही विचारा, कारण आजवर पाठवलेल्या तुमच्या सगळ्या फाइली जुन्याच नियमाने वाचाव्या लागणार आहेत.